मिस मार्पल वाचताना : बडोद्याच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या एका घरी आमचा छोटा वाचनगट जमतो. गेले बरेच दिवस आम्ही इंग्रज रहस्यलेखिका ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल मालिका वाचतो आहोत. नवीन येणारे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कोणत्याही कादंबरीतल्या खुन्याचं नाव यात फोडलेलं नाही, तेव्हा बिनधास्त वाचा.

ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

इंग्लंडमधल्या सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात जेन मार्पल ही अविवाहित, वयस्कर बाई राहते. विणकाम करते, बागेत खुरपं घेऊन बसते, दुर्बिणीतून पक्षी पाहते (आणि त्या निमित्ताने माणसंही), चहाला लोकांना बोलावते. तिच्याकडे डिटेक्टिव्हचा परवाना नाही, कचेरी नाही, फीचा तर प्रश्नच नाही. पण आसपास खून झाला की पोलिसांच्या आधी तिला उलगडा होतो.

ती पहिल्यांदा भेटली डिसेंबर १९२७ मध्ये, एका मासिकातल्या लघुकथेत. पहिली कादंबरी ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ १९३० ची, तर शेवटी प्रसिद्ध झालेली ‘स्लीपिंग मर्डर’ १९७६ ची. ख्रिस्ती त्याच वर्षीच्या जानेवारीत गेली आणि हे पुस्तक तिच्या पश्चात आलं. एकूण बारा कादंबऱ्या आणि वीस लघुकथा. म्हणजे आवाका फार मोठा नाही. महिन्याला एक धरलं तर वर्षभरात सगळ्या कादंबऱ्या सावकाश वाचून होतात.

खुनाच्या गोष्टी वाचून मनाला स्वस्थ कसं वाटू शकतं? मला तर ऐकूनच कसंसं होतं.

हा प्रश्न बहुतेक जणी विचारतात, आणि तो रास्त आहे.

एक तर या पुस्तकांत रक्तपात जवळजवळ दिसत नाही. खून होतो तो पडद्याआड. आपल्यासमोर येतं ते नंतरचं : मोलकरणीची किंकाळी, डॉक्टरांचं येणं, बैठकीच्या खोलीत अवघडून बसलेली माणसं. क्रौर्याचं चवीने केलेलं वर्णन ख्रिस्तीकडे नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खून हे इथे निमित्त आहे. त्या निमित्ताने आपण एका गावात शिरतो आणि तिथल्या प्रत्येक घराचं दार आपल्याला उघडं होतं. कोणाची कोणावर उधारी आहे, कोणाचा मुलगा घरी पत्र लिहीत नाही, कोण दुकानदाराशी तुसडेपणाने वागतं, हे सगळं तपासाच्या ओघात कळत जातं. मी ही पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचते ती यासाठी. खुनी कोण हे माहीत असतानाही ते गाव पुरून उरतं.

मात्र यांना गुळगुळीत गोष्टी समजू नका. यातल्या बहुतेक कादंबऱ्या लिहिल्या गेल्या तेव्हा ब्रिटनमध्ये खुनाला फाशी होती. खुनासाठीची फाशी तिथे १९६५ साली थांबली. मिस मार्पल एखाद्याकडे बोट दाखवते तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे तिला पक्कं ठाऊक असतं, आणि ती डगमगत नाही. मऊ शाल पांघरलेल्या या बाईचा न्याय कडक आहे. ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ मध्ये तिच्या घरी काम शिकून गेलेल्या एका साध्या, भाबड्या मुलीचं नाव खुनाच्या बातमीत येतं, तेव्हा ती सरळ गाडी पकडून त्या अनोळखी श्रीमंत घराच्या दारात उभी राहते. तिचा तो शांत राग वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

पण ती गुन्हेगार ओळखते तरी कशी? ना बोटांचे ठसे, ना भिंग.

मालिकेचा जीव या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मिस मार्पलची पद्धत म्हणजे साम्य शोधणं. एखादा रुबाबदार गृहस्थ तिच्यासमोर येतो आणि तिला गावातला कोणीतरी आठवतो : दुकानातला नोकर, शाळेतली मुलगी, चर्चच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा. तो माणूस असा वागला होता, त्यामागे अमुक कारण होतं, मग हाही तसाच असेल का? पोलीस अधिकारी वैतागतात, की खुनाच्या तपासात ही कोण कुठल्या कोळणीची गोष्ट सांगते आहे! पण तिचा मुद्दा साधा आहे. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, आणि खेड्यात तो जवळून पाहायला मिळतो.

तिचा भाचा रेमंड वेस्ट लंडनचा लेखक. पहिल्याच कादंबरीत तो मावशीच्या गावाला साचलेल्या डबक्याची उपमा देतो. त्यावर ती शांतपणे सांगते की साचलेल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात केवढी जीवसृष्टी दिसते. पुढच्या अकरा कादंबऱ्या म्हणजे तिने त्याला दिलेलं सविस्तर उत्तर आहे, असं मला वाटतं.

आपल्या गटात हे पटकन पोचतं, कारण बडोद्याच्या जुन्या पोळींत (म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांत) ज्यांचं बालपण गेलं त्यांना अशी एक तरी आजी माहीत असते. दुपारी ओट्यावर गहू निवडत बसायची. कोणाकडे पाहुणे आले, सामान किती होतं, परत जाताना एक पिशवी कमी होती का, सगळं तिला ठाऊक. घरातले तिला पंचायती करणारी म्हणायचे. ख्रिस्तीने त्याच चौकस नजरेला ज्ञानाचा मान दिला. आयुष्यभर माणसं पाहिलेल्या, शिक्षण फारसं न झालेल्या, कोणी खिजगणतीत न धरलेल्या बाईला तिने निवृत्त पोलीस कमिशनरच्या शेजारी बसवलं आणि जिंकवलं. हे तिने १९२७ पासून केलं याचं मला फार अप्रूप आहे.

आणखी एक गोष्ट. ती लोकांवर सहसा विश्वास ठेवत नाही. कोणी काही सांगितलं की ते खरं असेलच असं धरत नाही, पडताळून पाहते. आणि तरीही ती माणूसघाणी नाही. हा तोल साधणं अवघड असतं. पहिल्या कादंबरीत ती थोडी टोचऱ्या जिभेची आहे, गावातले लोक तिला जरा बिचकूनच असतात. पुढे पुढे ख्रिस्तीने तिला मायाळू केलं. मला दोन्ही आवडतात, पण पहिली जास्त खरी वाटते.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करू?

ज्यांना एका बैठकीत थोडंच वाचता येतं त्यांनी ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ (१९३२) घ्यावं. तेरा लघुकथा आहेत. पहिल्या कथेत मिस मार्पलच्या घरी सहा जण जमतात : लेखक, चित्रकार, धर्मगुरू, वकील, स्कॉटलंड यार्डचे निवृत्त कमिशनर आणि कोपऱ्यात विणत बसलेली यजमानीण. ठरतं असं, की आळीपाळीने प्रत्येकाने आपल्याला माहीत असलेलं एक कोडं सांगायचं आणि बाकीच्यांनी सोडवायचं. सगळे हुशार, आणि उत्तर दर वेळी कोपऱ्यातून येतं. दुपारच्या जेवणानंतर एक कथा, असं वाचलं तरी चालतं.

थेट कादंबरी हवी असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे : ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’, १९५०. गावच्या साप्ताहिकात सकाळी जाहिरात येते की शुक्रवारी, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहा वाजता, अमुक बंगल्यात खून होणार आहे, मित्रमंडळींनी यावं. घरच्या बाईला काहीच माहीत नाही. गावाला वाटतं, काहीतरी खेळ असेल. आणि संध्याकाळी झाडून सगळे शेजारी काहीतरी बहाणा काढून हजर! कोणी म्हणतं सहज इकडून जात होतो, कोणी घरातल्या हीटरची चौकशी करतं. ते प्रकरण आम्ही मोठ्याने वाचलं तेव्हा खोलीत हसू आवरत नव्हतं. मग दिवे जातात.

पण ही कादंबरी मी आधी वाचायला सांगते त्याचं कारण वेगळं आहे. दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली आहेत, रेशन चालू आहे, लोणी आणि अंडी गुपचूप अदलाबदल करून मिळतात. माणसं कुठून कुठून येऊन गावात स्थायिक झाली आहेत. मिस मार्पल म्हणते की पूर्वी कोण कोणाचं हे माहीत असायचं, नवा माणूस आला तर ओळखीची चिठ्ठी घेऊन यायचा. आता जो जे सांगेल ते आपण धरून चालतो. ओळख म्हणजे काय, तर रेशनचं पुस्तक आणि ओळखपत्र, ज्यावर फोटोसुद्धा नाही. रहस्याचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे. वाड्यातून निघून गोत्री-वासणाच्या सोसायट्यांत राहायला गेलेल्या आमच्या मंडळींना यावर बोलायला एक संध्याकाळ पुरली नाही.

क्रमाने वाचलं नाही तर चालतं का?

चालतं. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे. दोनच पथ्यं पाळा. ‘नेमेसिस’ (१९७१) वाचण्याआधी ‘अ कॅरिबियन मिस्टरी’ (१९६४) वाचा, कारण ‘कॅरिबियन’ मधला एक माणूस ‘नेमेसिस’ घडण्याचं कारण आहे. आणि ‘स्लीपिंग मर्डर’ शेवटी छापली गेली असली तरी ख्रिस्तीने ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली होती. त्यामुळे तिच्यातली मिस मार्पल ‘नेमेसिस’ मधल्या थकलेल्या मिस मार्पलपेक्षा धडधाकट दिसते. गोंधळू नका.

क्रमाने वाचण्यात एक वेगळं सुख आहे ते गाव बदलताना पाहण्याचं. ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ (१९६२) मध्ये सेंट मेरी मीडच्या कडेला नवी वसाहत उभी राहिलेली असते, सुपरमार्केट आलेलं असतं. मिस मार्पलला डॉक्टरांनी बागकाम बंद केलं आहे, देखरेखीला ठेवलेली बाई तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलते. एके दिवशी मिस मार्पल तिला कामाला पाठवून एकटीच नवी वसाहत बघायला निघते. तिथे तिला काय दिसतं? घरं नवी, माणसं तीच. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हे पहिलं प्रकरण जरूर वाचावं.

माझं इंग्रजी बेताचं आहे. मराठी किंवा गुजराती माध्यमात शिकलेल्याला जमेल?

जमेल. ख्रिस्तीची वाक्यं छोटी असतात आणि निम्म्याहून जास्त पुस्तक संवादांतच असतं. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ आहेत, सगळं शिक्षण मराठीतून. त्यांनी पहिल्या पुस्तकाला शब्दकोश जवळ ठेवला होता, तिसऱ्या पुस्तकापर्यंत तो कपाटात गेला. त्यांचा एक उपाय सगळ्यांनी उचलावा असा आहे : पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानाला एक चिठ्ठी लावायची आणि नवीन पात्र आलं की नाव, घर आणि नातं एका ओळीत लिहायचं. इंग्रजी नावांचा घोळ झाल्यामुळे पुस्तक सुटतं, भाषेमुळे क्वचितच.

मराठीतही ख्रिस्तीच्या पुस्तकांचे अनुवाद झाले आहेत. अनुवादातून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

व्हिकार, इन्क्वेस्ट, चीफ कॉन्स्टेबल… हे सगळं कोण समजावणार?

थोडक्यात सांगते. व्हिकार म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू, व्हिकारेज म्हणजे त्याचं निवासस्थान. चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू लग्न करू शकतात. पहिल्या कादंबरीची गोष्ट व्हिकारच सांगतो आणि त्याची तरुण, घरकामात कच्ची बायको ग्रिझेल्डा हे पुस्तकातलं माझं सगळ्यात लाडकं पात्र आहे.

इन्क्वेस्ट म्हणजे संशयास्पद मृत्यूची कॉरोनरसमोर होणारी जाहीर चौकशी. मृत्यू कशामुळे झाला हे मुख्यतः तिथे ठरवायचं असतं, पण सगळं गाव ऐकायला जमतं, त्यामुळे गोष्टीत तो मोठा प्रसंग असतो. चीफ कॉन्स्टेबल हा त्या परगण्याच्या पोलिसांचा प्रमुख, त्या काळी बऱ्याचदा लष्करातून आलेला. म्हणून पहिल्या कादंबरीतला चीफ कॉन्स्टेबल मेल्चेट हा कर्नल आहे. प्रकरण झेपेनासं झालं की तो स्कॉटलंड यार्डला, म्हणजे लंडनच्या पोलिसांना बोलावतो.

मृत्युपत्राचं मात्र नीट समजून घ्या, कारण त्यावाचून निम्म्या खुनांचा हेतू कळणार नाही. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत वारसाला जन्माने हक्क मिळतो, ही कल्पना आपल्या डोक्यात घट्ट बसलेली असते. इंग्लंडमध्ये मात्र माणूस आपली संपत्ती जवळजवळ वाटेल त्याला देऊ शकत असे. मुलगा रुसला, त्याचं नाव कमी. सोबतीला ठेवलेल्या बाईने सेवा केली, तिच्या नावे घर. म्हाताऱ्याने वकिलाला बोलावणं पाठवलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे का उतरतात, ते यावरून लक्षात येईल.

वाचकाला खुनी खरंच ओळखता येतो? की लेखिका शेवटी टोपीतून ससा काढते?

ओळखता येतो, निदान तशी सोय असते. त्या काळच्या इंग्लंडमधल्या रहस्यलेखकांनी वाचकाशी सचोटीने खेळायचं असं ठरवून घेतलं होतं. रोनाल्ड नॉक्स या लेखकाने, जो स्वतः धर्मगुरू होता, १९२९ मध्ये त्याचे दहा नियमच लिहिले : गुन्हेगार गोष्टीत लवकर यायला हवा, भुताखेतांची मदत नको, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. १९३० मध्ये लंडनमध्ये अशा लेखकांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला. ख्रिस्ती त्याची सदस्य होती आणि पुढे अध्यक्षही झाली.

धागे समोरच असतात, फक्त ते इतक्या साध्या वेशात येतात की आपण ओलांडून पुढे जातो. पहिल्या कादंबरीतलं एक उदाहरण देते, रहस्य न फोडता. व्हिकारच्या अभ्यासिकेतलं घड्याळ मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे ठेवलेलं असतं. इन्स्पेक्टर स्लॅक हा घाईचा माणूस. व्हिकार त्याला हे सांगायला जातो, तर तो बोलूच देत नाही. आम्ही हे वाचत होतो तेव्हा काहींना ते घड्याळाचं प्रकरण कृत्रिम वाटलं. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, “का बरं? आमच्याकडे हॉलमधलं घड्याळ वर्षानुवर्षं दहा मिनिटं पुढे आहे, मुलांची शाळा चुकू नये म्हणून. नव्या माणसाला कुठे माहीत असतं ते!” आणि मग आपोआप पुढचा प्रश्न आला : घरातल्यांखेरीज कोणाकोणाला माहीत होतं? बघा, तपास असा सुरू होतो.

याच काकू पोस्टात नोकरीला होत्या. ‘द मूव्हिंग फिंगर’ मध्ये एका गावात निनावी पत्रं यायला लागतात, पुस्तकातले शब्द कापून चिकटवलेली. बाकी सगळे पत्रातल्या गलिच्छ मजकुरावर बोलत होते. काकूंनी विचारलं की पाकिटावरचा पत्ता कसा लिहिला होता, शिक्का कुठला, पत्र टपालाने आलं की कोणी हाताने टाकलं. सगळे पानं उलटून मागे गेले. प्रत्येकाच्या नोकरीतलं, घरातलं काहीतरी ज्ञान इथे कामी येतं. जी बाई चाळीस माणसांचा स्वयंपाक करते तिला विषाच्या प्रकरणात कोणतं ताट कोणाकडे गेलं हे आधी खटकतं.

विषावरून आठवलं. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तयार करण्याचं काम केलं होतं आणि १९१७ मध्ये त्याची परीक्षाही दिली होती. म्हणून तिच्या गोष्टींतली विषं नेमकी असतात.

‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ ची सगळे एवढी तारीफ का करतात?

सुरुवातीसाठी. दोन गाड्या काही क्षण शेजारी शेजारी एकाच वेगाने धावतात. समोरच्या डब्यातला पडदा वर जातो आणि मिस मार्पलच्या मैत्रिणीला दिसतं की एक पुरुष एका बाईचा गळा दाबतो आहे. मग ती गाडी पुढे निघून जाते. कुठेच प्रेत सापडत नाही. कोणी विश्वास ठेवत नाही, मिस मार्पल ठेवते. ती वेळापत्रक आणि नकाशे घेऊन बसते, पुन्हा तोच प्रवास करते, वळण कुठे येतं ते बघते.

बडोदा जंक्शनवर अहमदाबादची आणि दिल्लीची लाइन वेगळी होते, तिथे दोन गाड्या बरोबरीने चालताना समोरच्या खिडकीतली अनोळखी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. १९५७ मध्ये आलेली ही कादंबरी वाचल्यावर पुढच्या प्रवासात तुम्ही खिडकीबाहेर बघाल, एवढं नक्की. मधला भाग थोडा लांबला आहे, असं माझं प्रामाणिक मत. पण लूसी आयल्सबॅरो ही कामसू मुलगी तो तारून नेते.

गटात वाचायचं असेल तर पद्धत काय?

आमची अशी आहे. एक पुस्तक तीन बैठकांत. पहिल्या बैठकीत खून होईपर्यंतचा भाग, आणि त्यात बोलायचं ते फक्त गावाबद्दल : कोण कुठे राहतं, कोणाचं कोणाशी पटत नाही. फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढा. दुसरी बैठक शेवटच्या दोन प्रकरणांच्या आधी थांबवायची. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं, खाली एका वाक्यात कारण, आणि चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात बंद. तिसऱ्या बैठकीत शेवट मोठ्याने वाचायचा आणि डबा उघडायचा.

कारण लिहायला लावणं महत्त्वाचं. नाव तर कोणीही ठोकून देतं. बरोबर नावापेक्षा चांगलं कारण लिहिणाऱ्याला आम्ही जास्त मान देतो.

खाण्याचं म्हणाल तर सेव-उसळ या बैठकीला सोयीची नाही, हात पुस्तकाला लागतात. लीलो चिवडो (बडोद्याचा मऊ, ओलसर चिवडा) आणि चहा पुरे.

शेवट आधीच कळला. आता वाचू की नको?

वाचा. दुसऱ्यांदा वाचताना लेखिकेने धागे कुठे ठेवले ते दिसतं, आणि ती मजा पहिल्या वाचनात मिळत नाही. मात्र गटात तोंड बंद ठेवा.

आधी मालिका किंवा सिनेमा पाहिला तर?

आधी पुस्तक. नंतर पाहायचं असेल तर बीबीसीची जोन हिक्सनची मालिका पाहा. १९८४ ते १९९२ या काळात तिने बाराही कादंबऱ्या केल्या. ती बोलते कमी, बघते जास्त. मार्गारेट रदरफोर्डचे १९६० च्या दशकातले सिनेमे मोकळेपणाने विनोदी आहेत. सिनेमा म्हणून छान, पण ती मिस मार्पल नव्हे. ख्रिस्तीला स्वतःला ते सिनेमे फारसे रुचले नाहीत, तरी त्या नटीबद्दल आदर होता. ‘द मिरर क्रॅक्ड’ तिने रदरफोर्डलाच अर्पण केली आहे.

नोकरमाणसांबद्दल, परदेशी लोकांबद्दल काही वाक्यं खटकतात. ती दुर्लक्षित करायची का?

नाही, त्यांच्यावर बोलायचं. मोलकरणी बावळट, परदेशी माणूस संशयास्पद, असे सूर या पुस्तकांत आहेत आणि ते त्या वर्गाचे, त्या काळाचे पूर्वग्रह आहेत. गंमत अशी की गावाच्या याच पूर्वग्रहाचा फायदा ख्रिस्तीचे खुनी बऱ्याचदा घेतात : गाव परक्याकडे बोट दाखवतं आणि गुन्हेगार चहाच्या टेबलावर सभ्यपणे बसलेला असतो. म्हणून मी लेखिकेला सरसकट दोष देत नाही. पण जिथे ती स्वतःच त्या सुरात बोलते तिथे तसं स्पष्ट म्हणावं. आपल्या वाड्यांतही कामाला येणाऱ्या बाईवर पहिला संशय घ्यायची रीत होती आणि आजही आहे. त्यावर गटात बोलणं झालं ते चांगलंच झालं.

मुलांना द्यावं का?

बारा-तेरा वर्षांच्या पुढे खुशाल. त्याआधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा बनेश फेणे हा आपला स्वतःचा हौशी शोधक. त्याच्या गोष्टींत धावपळ आणि सायकल, मिस मार्पलमध्ये खुर्ची आणि लोकर. मुलांनी दोन्ही वाचावं, आधी सायकल.

बडोद्यात पुस्तकं कुठे मिळतील?

विकत घ्यायची घाई करू नका. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावलं आणि संस्थानात मोफत वाचनालयांची चळवळ उभी केली. पुस्तकांच्या पेट्या भरून त्या खेड्यापाड्यांत फिरत, एका गावाचं वाचून झालं की पेटी पुढच्या गावाला. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय हे त्या चळवळीचं केंद्र, आणि ते आजही आपलंच आहे. आत लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन आहे, वरच्या मजल्यावर कोणी चाललं तर खालून सावली दिसते. ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी पुस्तकाच्या निमित्ताने एकदा जावं. इंग्रजी आणि मराठी दोन्ही विभागांत ख्रिस्तीचं नाव सांगून विचारा. नाहीतर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तिच्या पिवळ्या पडलेल्या आवृत्त्या नेहमी असतात. फक्त घेण्याआधी शेवटची पानं शाबूत आहेत का ते बघा.

बाराही संपल्या. पुढे काय?

मागे जायचं असेल तर चेस्टर्टनचा फादर ब्राउन. १९११ मध्ये त्याच्या कथांचं पहिलं पुस्तक आलं. धर्मगुरू असल्यामुळे त्याने लोकांचे कबुलीजबाब ऐकलेले असतात, म्हणून पाप त्याला आतून कळतं. भाषा मात्र ख्रिस्तीपेक्षा जड आहे. पुढे यायचं असेल तर एम. सी. बीटनची ॲगाथा रेझिन, पहिली कादंबरी १९९२ ची. लंडनमधली नोकरी सोडून खेड्यात राहायला आलेली ही बाई तिरसट आहे, एकटी आहे, स्पर्धेत बाजारातला पदार्थ स्वतःचा म्हणून ठेवते आणि तिथून प्रकरण सुरू होतं. मिस मार्पलची खोली तिथे नाही, पण आजारपणात वाचायला उत्तम.

मराठीत रहस्यकथेची परंपरा मोठी आहे. एकट्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. पण त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे साहसी वीर आहेत. ओट्यावर बसून गाव ओळखणाऱ्या बाईची मालिका मला मराठीत अजून हवी आहे, आणि ती बडोद्यातल्या एखाद्या पोळीत घडली तर फारच बरं. आमच्या पोस्टातल्या काकूंनी वहीत दोन पानं लिहून आणली आहेत. त्यात चाळीच्या जिन्यातली पत्रपेटी आहे आणि एक न उघडलेलं आंतरदेशीय पत्र. पुढच्या बैठकीत त्या वाचून दाखवणार आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ शेवटची दोन प्रकरणं सोडून वाचून यावं.